मे महिना धरून हिशेब: नव्या पीसीसाठी कुलर आणि कॅबिनेट कसं निवडाल

असेंबल्ड पीसीची यादी करताना सगळं लक्ष प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डावर जातं. कुलर दुकानदार देईल तो घेतला जातो आणि कॅबिनेट निवडलं जातं काचेतून दिवे छान दिसतात म्हणून. मग जोडणीच्या दिवशी कळतं की कुलर दोन मिलिमीटरने उंच आहे आणि काच लागत नाही. किंवा सगळं बसतं, डिसेंबरात उत्तम चालतं आणि अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला पंखे गिरणीसारखे घरघरायला लागतात.

कुलर उष्णता संपवत नाही, ती फक्त हलवतो. प्रोसेसरवरून कुलरच्या पत्र्यांवर, पत्र्यांवरून कॅबिनेटमधल्या हवेत आणि कॅबिनेटमधून खोलीत. यातला एक टप्पा अडला की बाकीचे कितीही चांगले असोत, उपयोग नाही. म्हणून कुलर आणि कॅबिनेट एकत्रच ठरवायचे, तेही आपल्या खोलीतला मे महिना डोळ्यांसमोर ठेवून.

## १. आधी खरे वॅट काढा

प्रोसेसरच्या खोक्यावरचा वॅटचा आकडा आणि तो प्रत्यक्ष घेतो ती वीज यांत बरंच अंतर असतं. इंटेलच्या पानावर ‘बेस पॉवर’ आणि ‘मॅक्सिमम टर्बो पॉवर’ असे दोन आकडे असतात. कुलरसाठी दुसरा बघायचा. एएमडीच्या बाबतीत छापील आकड्याला साधारण १.३५ ने गुणा.

- रायझन ५ ७६००: छापील ६५, प्रत्यक्ष मर्यादा ८८ वॅट
- रायझन ५ ७६००एक्स: छापील १०५, मर्यादा १४२ वॅट
- कोअर आय५ १२४००एफ: ६५ आणि ११७ वॅट
- कोअर आय५ १४४००एफ: ६५ आणि १४८ वॅट
- कोअर आय९ १४९००के: १२५ आणि २५३ वॅट

ही कमाल मर्यादा आहे. प्रोसेसरमधले सगळे कोअर (काम करणारे विभाग) एकदम राबतात तेव्हाच, म्हणजे व्हिडिओ रेंडर करताना किंवा मोठा प्रोग्राम कंपाइल करताना, तिथवर जाणं होतं. गेम खेळताना प्रोसेसर बराच खाली असतो. फक्त इंटेलच्या बाबतीत एक लक्षात ठेवा: काही मदरबोर्ड ही मर्यादा स्वतःहून उठवून ठेवतात. त्यावरचा इलाज नवव्या पायरीत आहे.

आता ग्राफिक्स कार्ड. आरटीएक्स ४०६० चे ११५ वॅट, ४०७० सुपरचे २२०, आरएक्स ७८०० एक्सटीचे २६३. या कार्डांचे पंखे ती सगळी उष्णता कॅबिनेटच्या आतच सोडतात. म्हणजे ७६०० आणि ४०७० सुपर अशा जोडीत ३०८ पैकी २२० वॅट कार्डाचे. गेमिंगसाठी पीसी घेत असाल आणि हात आखडता असेल, तर कुलरवर जास्तीचे हजार रुपये घालण्यापेक्षा ते कॅबिनेटमध्ये घाला.

## २. खोलीचं तापमान जमेस धरा

यूट्यूबवर कुलरच्या ज्या चाचण्या दिसतात, त्या बहुधा २० ते २५ अंशांच्या खोलीत केलेल्या असतात. हवेवर किंवा पाण्यावर चालणारा कोणताही कुलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही तापतो. २२ अंशांच्या खोलीत ७४ वर राहणारा प्रोसेसर अकोल्यातल्या ३८ अंशांच्या खोलीत ९० वर जाईल.

रायझन ७००० मालिकेतल्या बहुतेक चिपांची मर्यादा ९५ अंश आहे, ७८००एक्स३डी ची ८९, इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीतल्या बहुतेक डेस्कटॉप चिपांची १००. मर्यादा गाठली म्हणून चिप जळत नाही, ती स्वतःचा वेग उतरवते. शिवाय ७६००एक्ससारख्या चिपा पूर्ण भारावर मुद्दामच ९५ पर्यंत चढतील अशाच बनवल्या आहेत, त्यामुळे नुसता आकडा पाहून घाबरू नका. तरीही विदर्भ, मराठवाडा, खानदेशात बिनएसीच्या खोलीत पीसी ठेवणार असाल, तर चाचणीतल्या आकड्यापासून मर्यादेपर्यंत किमान २० अंश हातचे राहतील असाच कुलर घ्या. पुण्या-नाशकात १५ चालतील.

जागाही आताच ठरवा. कॉम्प्युटर टेबलाच्या दार असलेल्या कप्प्यात कॅबिनेट कोंबलं की मागून बाहेर पडलेली गरम हवाच पुढून परत आत जाते. असल्या कप्प्यात दहा हजारांचा कुलरही हतबल होतो. मागे १५ सेंटिमीटर, वर तेवढीच मोकळी जागा हवी. नागपूरकडच्या वाचकांसाठी आणखी एक: खिडकीतल्या वाळ्याच्या कुलरचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका. त्या झोतात पाण्याचे बारीक तुषार येतात आणि त्यातले क्षार बोर्डावर पांढरे साचतात.

## ३. कुलरचा प्रकार ठरवा

खोक्यातला कुलर. ८८ वॅटपर्यंतच्या चिपेला, एसीच्या किंवा कोकणासारख्या मध्यम तापमानाच्या खोलीत, पुरतो. आवाज करतो, पण चालतो. रायझन ५ ७६०० च्या खोक्यात येतो, ७६००एक्सच्या येत नाही. इंटेलच्या ‘के’ अक्षराच्या चिपांसोबतही येत नाही. स्वस्तात मिळणाऱ्या ‘ट्रे’ चिपेला खोकंही नसतं आणि कुलरही. तिची वॉरंटी कोण देणार हे बिलावर लिहून घ्या.

सिंगल टॉवर. एक १२० मिमीचा पंखा, चार हीटपाइप (उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या). दोन ते तीन हजारांत येतो आणि १५० वॅटच्या आतल्या बहुतेक चिपांना महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यातही सांभाळतो. डीपकूल एके४०० हे नेहमीचं उदाहरण, उंची १५५ मिमी. नव्याने पीसी घेणाऱ्या दहांतल्या सात-आठ जणांनी इथेच थांबावं असं आमचं मत आहे.

ड्युअल टॉवर. सहा किंवा जास्त हीटपाइप, दोन पंखे. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई (१५५ मिमी), डीपकूल एके६२० (१६० मिमी), नॉक्चुआ एनएच-डी१५ (१६५ मिमी). २०० वॅटच्या आसपास सांभाळतात, तेही कमी आवाजात. अडचण वजनाची. एनएच-डी१५ पंख्यांसकट १.३२ किलो भरतो. असा पीसी एसटीने किंवा कुरियरने गावाला पाठवायचा असेल तर कुलर काढून वेगळा बांधा, नाहीतर दणक्यांनी बोर्ड वाकतो.

एआयओ, म्हणजे बंद नळ्यांचा पाण्याचा कुलर. २४० मिमीचा एआयओ (हे माप रेडिएटरचं, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या पत्र्यांच्या भागाचं) चांगल्या ड्युअल टॉवरच्या बरोबरीचा. ३६० चा आय९ सारख्या चिपेसाठी खरोखर कामाचा. १२० मिमीच्या एआयओच्या वाट्याला जाऊ नका. सिंगल टॉवरएवढंच काम, किंमत दुप्पट. एआयओत पंप असतो, तो कधीतरी जातो. नळ्यांतलं द्रव वर्षागणिक थोडं थोडं उडतं आणि बहुतेक मॉडेलांत ते परत भरता येत नाही. हवेच्या कुलरचा पंखा गेला तर पाच-सातशे रुपयांत बदलतो, एआयओचा पंप गेला तर सगळाच जातो. वॉरंटीची वर्षं बघूनच घ्या.

खोक्यावर ‘२२० वॅट’, ‘२६० वॅट’ असं छापलेलं असतं. प्रत्येक कंपनी ते आपापल्या पद्धतीने मोजते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून निवड करू नका. तुमच्याच चिपेवर केलेली चाचणी शोधा.

सॉकेटही, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तपासा: एएम४, एएम५ ही एएमडीची, एलजीए ही इंटेलची. एएम५ बोर्डाची मागची पट्टी पक्की असते. तीच पट्टी वापरणारे जुने एएम४ कुलर बसतात, स्वतःची वेगळी पट्टी लागणारे बसत नाहीत. इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं एलजीए १२०० पेक्षा रुंद आहेत, म्हणून जुन्या कुलरला नवं किट लागतं. एलजीए १८५१ ला मात्र १७०० चंच किट चालतं.

## ४. मापं जुळवा

हे काम कागद-पेन्सिल घेऊन, कॅबिनेट आणि पार्टच्या अधिकृत पानांवरचे आकडे बघून करायचं. दुकानातल्या ‘बसतं हो साहेब’वर विसंबू नका.

- कुलरची उंची. कॅबिनेटच्या मर्यादेपेक्षा ३ ते ५ मिमी कमी हवी. डीपकूल सीसी५६० ची मर्यादा १६३ मिमी: त्यात १५५ चा एके४०० आरामात बसतो, १६० चा एके६२० जेमतेम, १६५ चा एनएच-डी१५ नाहीच. कोर्सेअर ४०००डी एअरफ्लोची मर्यादा १७० आहे, तिथे तिन्ही बसतात.
- रॅमची उंची. दिवेवाल्या रॅम ४५ ते ५५ मिमी उंच असतात. ड्युअल टॉवरचा पुढचा पंखा नेमका त्यांच्या डोक्यावर येतो. मग पंखा वर सरकवावा लागतो, तितकीच कुलरची उंची वाढते आणि वरच्या मुद्द्यावर पाणी फिरतं. साधी ३०-३५ मिमीची रॅम घेतली की प्रश्नच मिटतो.
- ग्राफिक्स कार्डाची लांबी. पुढच्या बाजूला रेडिएटर लावणार असाल तर त्याची जाडी वजा करा: नेहमीचा २७ मिमी अधिक पंखा २५, म्हणजे ५२. आर्क्टिक लिक्विड फ्रीझर ३ चा रेडिएटरच ३८ मिमीचा आहे, तिथे ६३ धरा.
- कार्डाची रुंदी. नव्या १६ पिनी वीजजोडणीची वायर साधारण ३५ मिमी सरळ जाऊन मग वळायला हवी. काच तिला दाबत असेल तर जोड सैल पडतो आणि तापतो.
- वरचा रेडिएटर. ‘३६० सपोर्ट’ लिहिलेलं असलं तरी ते पुढच्या बाजूसाठी आहे की वरच्या, ते वाचा. वर लावल्यास तो रॅमला किंवा बोर्डावरच्या हीटसिंकला (उष्णता शोषणाऱ्या धातूच्या ठोकळ्याला) अडू शकतो.
- मदरबोर्ड आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा). एटीएक्स ३०५ × २४४ मिमी, मायक्रो एटीएक्स २४४ × २४४, मिनी आयटीएक्स १७० × १७०. एसएमपीएसची खोली १४० ते १६० मिमी धरा आणि वायरींसाठी पुढे आणखी जागा. हार्ड डिस्कचा पिंजरा आड येत असेल तर तो निघतो का, बघा.

## ५. जाळी की काच

पुढची बाजू जाळीची घ्या. पुढे अखंड काच किंवा प्लास्टिक असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे दोन्ही कडांच्या बोटभर फटींतून हवा ओढतात. पंखे तीन असोत की सहा, फट तेवढीच राहते. दुकानात पाहताना मोबाइलचा टॉर्च जाळीमागे धरा. उजेड भरपूर येत असेल तर हवाही येईल. जाळीमागे फोमचा जाड थर असेल तर तो काढता येतो का, विचारा.

पुढून आणि बाजूने काच असलेली ‘मत्स्यालय’ धाटणीची कॅबिनेटं सध्या चलतीत आहेत. त्यांत हवा खालून आणि आतल्या बाजूने घ्यावी लागते, आणि ती पुष्कळदा पंख्यांशिवायच विकली जातात. सहा-सात पंख्यांचे पैसे मिळवून मग किमतीची तुलना करा. कॅबिनेट जमिनीवर ठेवणार असाल तर हा प्रकार नकोच, घरातली सगळी धूळ खालच्या पंख्यातून वर जाईल.

## ६. पंखे

११५ वॅटच्या कार्डाला पुढून दोन आत आणि मागून एक बाहेर एवढे पंखे पुरतात. एकूण ३०० वॅटच्या पुढे गेलात तर पुढे तीन करा. वर पंखा लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात. वर पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा लावला, तर पुढून आलेली गार हवा कुलरपर्यंत पोहोचायच्या आधीच तो ती वरच्या वर बाहेर घालवतो. नवखे लोक ही चूक सर्रास करतात.

आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवा. उलट झालं तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून, फिल्टर टाळून, धूळ ओढतं.

पंख्याची दिशा: ज्या बाजूला चौकटीचे आडवे दांडे आणि स्टिकर दिसतो, तिकडून हवा बाहेर पडते.

वायरींत दोन सापळे आहेत. पहिला: स्वस्त कॅबिनेटांतले पंखे जाड चार पिनी मोलेक्स वायरीवर थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. ते कायम एकाच वेगाने फिरतात, तुम्हाला आवरता येत नाहीत. तीन किंवा चार बारीक पिनींचे, बोर्डाला जोडता येणारे पंखे आहेत ना, बघून घ्या. दुसरा जास्त महाग पडतो: दिव्यांच्या जोडण्या दोन प्रकारच्या असतात, तीन पिनींची ५ व्होल्टची एआरजीबी आणि चार पिनींची १२ व्होल्टची आरजीबी. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टवर लावले की क्षणात जातात. बसत नसेल तर जोर लावू नका, बोर्डावरची अक्षरं वाचा.

बोर्डावरचं एक पंखा-हेडर (पंखा जोडायच्या पिना) बहुधा १ अँपिअर देतं. पंख्यामागच्या स्टिकरवर ०.२ अँपिअर असेल तर चार पंखे एका हेडरवर चालतात. त्याहून जास्त असतील तर एसएमपीएसच्या साटा वायरीवर (डिस्कला वीज देते ती) वीज घेणारा हब घ्या.

## ७. खरेदीला जाताना

लॅमिंग्टन रोडला जा किंवा ऑनलाइन मागवा, हे जवळ असू द्या:

- चौथ्या पायरीतल्या मापांचा कागद आणि मोजपट्टी
- जीएसटी बिल, त्यावर एआयओ असल्यास सीरियल नंबर
- कुलरच्या खोक्यात तुमच्या सॉकेटचं किट असल्याची खात्री (तिथेच उघडून)
- २ नंबरचा चुंबकी फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, लांब दांड्याचा
- थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कुलर यांच्यामध्ये लावतात ती) छोटी ट्यूब, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ कापड
- वायरी बांधायच्या पट्ट्या

सांगितलेलं कॅबिनेट संपलंय आणि ‘तेच आहे, फक्त कंपनी वेगळी’ असं कुणी म्हणालं तर सगळी मापं पहिल्यापासून तपासा. खोकी निदान परतीची मुदत संपेपर्यंत ठेवा.

## ८. जोडणी

१. कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ (बोर्ड ज्यांवर टेकतो ते छोटे खुंट) बोर्डाच्या भोकांखाली नीट आहेत का, पाहा. जादाचा एखादा भोक नसलेल्या जागी असेल तर काढा, तो बोर्डाच्या मागे टेकून शॉर्ट करतो.

२. प्रोसेसर, रॅम आणि टॉवर कुलरची पट्टी बोर्ड बाहेर असतानाच लावा. मोठा कुलर मात्र बोर्डाची वरची आठ पिनी वीज जोडल्यावर बसवा, नंतर तिथे बोट जात नाही.

३. कुलरच्या बुडाचं प्लास्टिक सोला. हसू नका, नव्या पीसीचा प्रोसेसर सुरू करताच तापला की पहिला संशय यावरच घ्यायचा.

४. पेस्ट मधोमध, वाटाण्याएवढी. खोक्यातल्या कुलरला ती आधीच लावलेली असते, वर आणखी लावू नका.

५. स्क्रू तिरके, आळीपाळीने, प्रत्येकी दोन-तीन वेढे. स्क्रू थांबला की तुम्हीही थांबा. इंटेलच्या पुशपिनवाल्या कुलरच्या चारही पिना बोर्डाच्या मागून पूर्ण बाहेर आल्यात का, उलटं करून बघा.

६. कुलरचा पंखा ‘सीपीयू फॅन’ हेडरलाच. दुसरीकडे लावलात तर बरेच बोर्ड सुरू होतानाच पंखा सापडत नसल्याची तक्रार करून थांबतात. एआयओचा पंप त्याच्या हेडरवर, कायम पूर्ण वेगाने.

७. एआयओत हवेचा बुडबुडा सर्वांत उंच जागी जातो. तो पंपात अडकू नये म्हणून रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा वर हवं. सर्वांत चांगलं छताला. पुढे लावलात तर नळ्या खालच्या बाजूला.

८. एसएमपीएसचा पंखा खाली, पण खाली जाळी असेल आणि कॅबिनेट गालिच्यावर नसेल तरच.

जुना एएम४ कुलर काढताना आधी पीसी दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट करा आणि कुलर डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा. थंड असताना सरळ वर ओढला तर प्रोसेसरही लॉक तोडून सोबत येतो आणि पिना वाकतात.

## ९. बायोस आणि चाचणी

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, पंख्यांचा आलेख असा ठेवून सुरुवात करा: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ६५ ला ६०, ८५ ला १००. वेग बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती चालू करा, नाहीतर ब्राउझर उघडला तरी पंखा हुंकारतो. इंटेल असेल तर वीजमर्यादा पहिल्या पायरीतल्या आकड्यावर आणा. ७६००एक्ससारख्या चिपेला ‘इको मोड’मध्ये ६५ ची पातळी द्या, मर्यादा १४२ वरून ८८ वॅटवर येते आणि गेममध्ये फरक क्वचितच जाणवतो. उन्हाळ्यापुरता हा फुकटचा कुलर समजा.

मग एचडब्ल्यू इन्फो (तापमान दाखवणारा प्रोग्राम) चालू ठेवून सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणारी चाचणी) दहा मिनिटं चालवा, त्यानंतर तुमचा सर्वांत जड गेम वीस मिनिटं. आकडे लिहून घ्या, खोलीच्या तापमानासकट. आता बाजूची काच काढून गेमची चाचणी परत करा. आकडे पाच-सहा अंशांहून जास्त उतरले तर कॅबिनेटमधून हवा पुरेशी वाहत नाही: पंखे वाढवा किंवा दिशा तपासा. एक-दोनच अंश उतरले आणि तरी प्रोसेसर मर्यादेजवळ असेल तर कुलर कमी पडतोय किंवा नीट बसलेला नाही. कोअर-कोअरमध्ये १५-२० अंशांची तफावत दिसली तर आधी कुलर काढून पेस्ट कशी पसरलीय ते पाहा.

## १०. धूळ, पाली आणि पावसाळा

जाळीचे फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा, पूर्ण वाळवून लावा. आतली सफाई वर्षातून दोनदा: एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर, एकदा दिवाळीच्या आवराआवरीत. शेजारी बांधकाम चालू असेल तर त्याहून लवकर.

मागच्या बाजूची वापरात नसलेली कार्डांची पट्टी उघडी ठेवू नका. आतल्या उबेला पाली आणि झुरळं येतात, आणि पाल बोर्डावर चिकटली तर शॉर्ट होतो. हरवलेल्या पट्टीच्या जागी बारीक जाळी लावा.

पावसाळ्यात ‘कुलरवर दव धरेल’ अशी भीती घातली जाते. चालू पीसीतला प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरम असतो, त्यामुळे दव धरत नाही. किनारपट्टीवर खरा त्रास बंद पडून राहिलेल्या पीसीला होतो. खारट दमट हवेने स्क्रू आणि पत्रा गंजतो. गणपतीपर्यंत बंद ठेवायचा असला तरी आठवड्यातून तासभर चालवा.

सफाई करताना ब्लोअर किंवा ब्रश वापरण्याआधी पीसीची मुख्य वायर काढा, कॅबिनेट गॅलरीत न्या आणि पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. सुसाट फिरू दिली तर बेअरिंग बिघडतं.